नोकरीबरोबर जाणारे घर



कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या घरी कागद फार साठतात. माझ्याजवळच्या कागदांत एक गठ्ठा मी विशेष जपून ठेवला आहे. निरनिराळ्या कारखान्यांच्या वसाहतींत कामगाराला खोली देताना त्याच्याकडून जो कागद लिहून घेतात, त्याच्या त्या प्रती आहेत. कारखाने वेगळे, साले वेगळी, टंकलेखनाची यंत्रे वेगळी; पण मतितार्थ एकच. खोली कामाच्या सोयीसाठी दिलेली आहे, तीवर मी भाडेकरू म्हणून हक्क सांगणार नाही, आणि कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास अमुक दिवसांत खोली रिकामी करून देईन. खाली सही. ही सही करताना माणूस बहुधा पंचवीस वर्षांचा असतो; नुकता कायम झालेला असतो, घरी लग्नाची बोलणी चाललेली असतात, आणि किल्ली समोर टेबलावर असते. अशा वेळी कोण वाचतो? मी स्वतःही वाचले नसते.

ह्या कागदातले 'कोणत्याही कारणाने' हे दोन शब्द माझ्या मनात घर करून आहेत. निवृत्ती हे एक कारण झाले, राजीनामा हे दुसरे, बडतर्फी हे तिसरे. संप मोडल्यावर नाव कमी केले हेही कारण. आणि कामगार मेला तर तेही एक कारणच. हे शब्द कोठून आले, त्यांचा जन्म कोणत्या देशात झाला, आणि आपल्याकडे ते कोणत्या वाटेने येऊन बसले, हे आज सांगावयाचे आहे. मी पदवीधर नाही. कायदा शिकलो तो लेबर कोर्टाच्या बाकावर, तारीख पुकारण्याची वाट पाहता पाहता. तेव्हा श्रोत्यांत वकीलमंडळी असतील त्यांनी सांभाळून घ्यावे.

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला डरॅम आणि नॉर्थंबरलँड हे कोळशाच्या खाणींचे दोन परगणे आहेत. खाण निघे तेथे आधी गाव नसे. मालक खाणीच्या तोंडाशी घरांच्या रांगा बांधी आणि कामगाराला घर व जळाऊ कोळसा मजुरीचाच भाग म्हणून देई. वरवर पाहता मोठा उपकार. पण कामगाराचा करार वर्षाचा असे. वसंत ऋतूत तो संपे, नव्या करारावर सही किंवा फुली करावयाची आणि पुढच्या वर्षाला बांधून घ्यावयाचे. त्या कराराला तेथे 'बाँड' असेच नाव होते. 1844 साली 5 एप्रिलला बाँड संपला आणि कामगारांनी नव्यावर फुली करण्याचे नाकारले. दोन्ही परगण्यांतल्या खाणी बंद पडल्या. करार नाही म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे घर नाही. मालकांनी माणसे पाठवून घरेच्या घरे रिकामी करविली. बिछाने, पाळणे, घड्याळे, म्हातारीची खुर्ची, सारे रस्त्यावर. कुटुंबे रानात आणि गल्लीबोळांत उघड्यावर राहिली. लॉर्ड लंडनडेरी हा तेथला एक बडा खाणमालक, आणि त्या परगण्यात राणीचा प्रतिनिधीही तोच. त्याने आयर्लंडमधल्या आपल्या जमिनींवरून माणसे आणून खाणीत उतरविली आणि सीहॅम गावच्या दुकानदारांना बजावले की, संपवाल्यांना उधार माल द्याल तर याद राखा. उन्हाळा सरता सरता संप मोडला.

त्या काळची वर्णने वाचताना माझ्या मनात एक गोष्ट आली. मजुरी थांबली तरी माणूस उधारीवर, सोयऱ्याधायऱ्यांच्या आधारावर दोन-तीन महिने काढतो. आपल्याकडेही काढलेले आहेत. पण डोक्यावरचे छप्पर गेले की मोजणी महिन्यांची राहत नाही, रात्रींची होते. संप मोडण्याचे हे हत्यार भुकेहून जलद चालते. पुढच्या काळात घरे रिकामी करण्यासाठी रोजावर आणलेल्या माणसांना तिकडच्या बोलीत 'कँडीमन' म्हणजे गोळ्या विकणारा असे नाव पडले. फेरीवाले, रिकामटेकडे असे लोक पकडून आणीत म्हणून ते पडले असे सांगतात. शिवी म्हणून तो शब्द तिकडे पुष्कळ वर्षे चालला. अमेरिकेत शिकागोजवळचे पुलमनचे कंपनी-नगर आणि 1894 चा तिथला संप ह्यांची कथाही अशीच आहे. मजुरी कापली आणि घरभाडे मात्र होते तेच ठेवले. ती कथा पुष्कळांनी सांगितलेली आहे, म्हणून मी तीत शिरत नाही.

संपाचे सोडा. ज्याने आयुष्यात एकदाही संप केला नाही, त्याचे काय होई? तो म्हातारा होई. चाळीस-पन्नास वर्षे जमिनीखाली काढल्यावर खोकला आणि गुडघे घेऊन तो वर येई, आणि ज्या दिवशी काम सुटे त्या दिवसापासून घरावरचा त्याचा आधारही सुटे. मुलगा त्याच खाणीत असला तर त्याच्या घरात कोपरा मिळे. नसला तर गरिबांचे सरकारी आश्रयगृह, ज्याची त्या लोकांना तुरुंगाहून अधिक लाज वाटे. हे पाहून जोसेफ हॉपर नावाच्या एका खाणकामगाराने, जो रविवारी प्रार्थनामंदिरात प्रवचने करी, एक साधी कल्पना मांडली: काम करणाऱ्या कामगारांनी थोडी थोडी वर्गणी काढावी आणि म्हाताऱ्यांसाठी घरे घ्यावी. 1898 साली डरॅमच्या वृद्ध खाणकामगारांसाठी घरांची संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी हॅसवेल मूर येथे बंद पडलेल्या खाणीची घरे घेऊन तिचे काम सुरू झाले. जी घरे मालकाने कामगारास बांधून ठेवण्यासाठी बांधली, तीच कामगारांनी विकत घेऊन म्हाताऱ्यांना दिली. डरॅमच्या इतिहासात मला ह्या एका व्यवहाराइतके दुसरे काहीच आवडत नाही. संस्था आजही चालू आहे. खाणी मात्र संपल्या.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजी कायद्यात एक जुना सिद्धांत होता की, नोकराचा ताबा तो धन्याचाच ताबा. घोडेवाला तबेल्यावरच्या खोलीत राहतो तो घोड्यांसाठी. खोलीत माणूस नोकर असला तरी कायद्याच्या दृष्टीने तेथे धनीच राहत असतो. पण गिरणीत आणि खाणीत हा सिद्धांत जसाच्या तसा लावता येईना. 1875 साली नॉर्थंबरलँडमधल्याच सेगहिल गावच्या खाणकामगारांच्या घरांबद्दल खटला झाला. प्रश्न करआकारणीच्या यादीचा होता, पण निकालाने कसोटी घालून दिली ती फार मोलाची. काम करण्यासाठी त्याच घरात राहणे आवश्यक आहे काय, आणि तसे राहण्याचे बंधन मालकाने घातले आहे काय? असेल तर तो नोकर म्हणून राहतो. नसेल, केवळ सोय म्हणून राहत असेल, तर घराचे भाडे मजुरीतून वळते होत असले तरी तो भाडेकरूच. सेगहिलचे कामगार दुसऱ्या वर्गात बसले.

ही कसोटी सामान्य माणसाच्या बुद्धीला पटणारी आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याची चौकी, धरणावरच्या दारवाल्याची खोली, इस्पितळातल्या परिचारिकेचे आवारातले घर, ही कामाची घरे. पण साच्यावर उभा राहणारा विणकर गिरणीच्या आवारात झोपला काय आणि भायखळ्याला झोपला काय, धोटा तसाच चालतो.

दुर्दैवाने ही कसोटी आपल्याकडे टिकली नाही. कलकत्त्यातल्या डनलॉप रबर कंपनीच्या सदनिकांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1967 साली निकाल लागला. न्यायालयाने म्हटले त्याचा आशय असा की, पूर्वी नोकराचा ताबा कामासाठी आवश्यक नसेल तर भाडेकरार समजला जाई हे खरे. परंतु आता कायदा तसा राहिलेला नाही, कामासाठी राहणे आवश्यक नसतानाही नोकर केवळ परवानगीने राहणारा असू शकतो. कागदात काय लिहिले आहे, उभयतांचा हेतू काय होता, ते पाहावयाचे. म्हणजे माझा तो गठ्ठा! टेबलावरची किल्ली पाहत सही केलेला कागद हाच हेतूचा पुरावा झाला. भाडे आणि परवानगी ह्यांतला फरक विद्वानांना बारीक वाटेल. कामगाराला तो दाराला कुलूप लागते त्या दिवशी कळतो.

आपल्या मुंबईची गोष्ट थोडी निराळी आहे. गिरणीमालकांनी स्वतः बांधलेल्या चाळी होत्या, पण त्यांत राहणारे कामगार थोडे. बहुसंख्य गिरणी कामगार खाजगी घरमालकांच्या चाळींत, नाही तर 1920 नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत. एका खोलीत दहा-दहा गाववाले, पाळीपाळीने झोपणारे. त्या दाटीचे कौतुक करण्यासारखे काही नाही. तथापि एक गोष्ट होती. खोलीचा मालक आणि साच्याचा मालक हे दोन वेगळे असामी होते. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, ते त्याची नोकरी कोठे आहे हे न विचारता. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो संप ज्या रीतीने विरला ती आपण जाणता. पुष्कळांची नोकरी गेली ती कायमची. पण खोली खाजगी चाळीत होती त्याची खोली नोकरीबरोबर गेली नाही. कोणी भाजी विकली, कोणी पहाऱ्याची नोकरी धरली, बायकांनी खानावळी चालविल्या. हे सारे त्या दहा बाय बाराच्या भाडेपावतीवर उभे होते. डरॅमचा 1844 चा कामगार आणि आपला 1982 चा कामगार ह्यांच्यात हा एवढा फरक होता, आणि तो भाडे कायद्याने केला.

परंतु हाच कायदा कंपनीच्या खोलीत राहणाऱ्यापाशी येऊन थांबतो. 1973 साली महाराष्ट्राने भाडे कायद्यात एक मोठी सुधारणा केली. त्या वेळी मुंबईत घरमालक भाडेपावती न देता 'लीव्ह अँड लायसेन्स'च्या कागदावर माणसे ठेवीत आणि अकरा महिन्यांनी हाकलीत. कायद्याने ठरविले की 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो परवानाधारक म्हणून चालू करारावर जागेत राहत असेल तो भाडेकरू समजावा. शहरातल्या हजारो बिऱ्हाडांनी सुटकेचा श्वास टाकला. पण परवानाधारक म्हणजे कोण, ह्याची व्याख्या वाचा. तीतून काहींना वगळले आहे: पैसे देऊन राहणारा पाहुणा, कुटुंबातला माणूस, आणि जागा देणाऱ्याच्या नोकरीत असणारा मनुष्य. लॉजवर राहणारा मुशाफीर आणि पंचवीस वर्षे एका खोलीत संसार केलेला फिटर एका ओळीत! 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हा नोकरीपुरत्या भाडेकरारासाठी त्यात स्वतंत्र कलम आले, आणि अशा जागेचा ताबा परत मिळविण्याची वाट संक्षिप्त करून दिली गेली.

आता मी सर्वांत बोचणाऱ्या भागाकडे येतो. चाळमालकाला भाडेकरू काढावयाचा असेल तर तो दिवाणी दावा लावतो. कंपनीला मात्र फौजदारी न्यायालय उघडे आहे. 1913 च्या कंपनी कायद्यात 1936 साली एक कलम घातले गेले. 1956 चा नवा कायदा झाला तेव्हा ते 630 वे कलम म्हणून कायम राहिले. कंपनीची मालमत्ता गैररीतीने अडकवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला वा नोकराला हजार रुपयांपर्यंत दंड, आणि न्यायालयाने दिलेल्या मुदतीत ती परत केली नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद. कलम वाचले की डोळ्यांपुढे तिजोरी, हिशेबाची वही असल्या वस्तू येतात. पण मालमत्तेत घर आलेच. मग वाद निघाला तो व्याकरणाचा. कायदा 'अधिकारी वा नोकर' म्हणतो. निवृत्त झालेला माणूस नोकर आहे काय? मुंबई उच्च न्यायालय म्हणे आहे, कलकत्ता उच्च न्यायालय म्हणे नाही. 1987 साली शिपिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचे मत उचलले: नोकरी चालू असताना मिळालेली वस्तू नोकरी संपल्यावर अडकवली तरच तर गुन्हा व्हावयाचा, तेव्हा माजी नोकरही आला. तर्क बिनतोड आहे, हे मला मान्य केले पाहिजे. पण पुढचे पाऊल पाहा. 1995 साली कॉक्स अँड किंग्जच्या खटल्यात प्रश्न आला तो मरण पावलेल्या माणसाच्या बायकोमुलांचा. त्यांनी कंपनीची नोकरी एक दिवसही केलेली नव्हती. न्यायालयाने म्हटले, ज्याच्या नात्याने ते राहतात त्याला जितका हक्क होता त्याहून अधिक वारसांना असू शकत नाही. कलम त्यांनाही लागू. 2003 साली बॉम्बे गॅस कंपनीच्या खटल्यात कुटुंबातल्या माणसांबद्दल हेच पक्के झाले.

हे खटले बहुतांशी मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्यांचे आणि मोलाच्या सदनिकांचे आहेत. मुंबईत जागेचा भाव सोन्यासारखा चढत असता कंपनीची सदनिका बळकावून बसणारे महाभाग होते, आणि न्यायालयांपुढे तेच उभे होते. पण कलमाला पगार दिसत नाही. अधिकाऱ्यासाठी घडवलेली बेडी हेल्परच्या विधवेच्या हातातही बरोबर बसते. नोटिशीत कैद हा शब्द वाचून रात्रीतून सामान बांधलेली माणसे मी पाहिली आहेत.

सरकारी आणि रेल्वेच्या क्वार्टरांसाठी 1971 चा सार्वजनिक जागांचा वेगळा कायदा आहे. त्यात 2019 साली राहत्या घरांपुरती कारणे दाखविण्याची मुदत तीन दिवसांवर आली, एवढे सांगून पुढे जातो. चहाच्या मळ्यांवर तर घरासाठी मुलाला किंवा मुलीला त्याच मळ्यात पाठवावे लागते. कुटुंबातले कोणी तरी कामावर असेल तोवरच घर.

आणि हिशेबाचे काय? खोली सोडल्याशिवाय ग्रॅच्युइटी नाही, असे कारखानदार म्हणतो. ग्रॅच्युइटी दिल्याशिवाय खोली सोडणार नाही, असे कामगार म्हणतो. गावी घर बांधावयाचे ते त्याच पैशांतून; मग आधी कोणी सोडावे? 1994 साली एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की क्वार्टरच्या कारणाने ग्रॅच्युइटी अडकवता येणार नाही, आणि उशिराबद्दल 18 टक्के व्याज द्यावयास लावले. आम्ही तो निकाल कितीदा तरी फडकविला. पुढे 2005 पासून वारे उलटे फिरले, आणि 2020 साली स्टील ऑथॉरिटीच्या प्रकरणात मुदतीनंतर राहिल्याबद्दल दंडाचे भाडे ग्रॅच्युइटीतून वळते करण्यास न्यायालयाने हरकत घेतली नाही. त्याच वर्षी संसदेने मात्र एक चांगले काम केले. 2013 च्या नव्या कंपनी कायद्यात जुने कलम 452 वे झाले होते आणि दंड एक लाखापासून पाच लाखांपर्यंत गेला होता. 2020 च्या दुरुस्तीने त्याला परंतुक जोडले: फंड, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी किंवा अपघाताची भरपाई कंपनीने दिलेली नसेल तर घर न सोडल्याबद्दल त्या माणसाला कैदेची शिक्षा देता येणार नाही. घर वाचत नाही. तुरुंगाची धमकी तेवढी थांबते. बाहेर ह्याची फारशी चर्चा झाली नाही. आमच्या कार्यालयात पेढे वाटले.

येथवर मी कामगाराच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू, आणि ती मालकाची नव्हे. एका कारखान्याच्या वसाहतीत आमची सभा चालू होती. निवृत्त कामगारांच्या खोल्या वाचवण्याचा ठराव मांडला होता. मागून एक तरुण ऑपरेटर उठला आणि म्हणाला, "भाऊ, सहा वर्षं मी खोलीच्या यादीत आहे. पत्र्याच्या झोपडीत बायको बाळंत झाली. काकांना तुम्ही खोलीत ठेवता, मग मी वर्गणी कोणत्या युनियनला देतो?" सभा शांत झाली. ज्या काकांबद्दल ठराव होता तेही समोरच बसले होते. मजजवळ उत्तर नव्हते. ठराव पुढच्या सभेवर ढकलला, हे सांगावयास मला संकोच वाटतो.

उत्तर पुढे मला सापडले ते इंग्लंडच्या शेतमजुरांत. तेथे शेतमालकाच्या बांधील घरांविरुद्ध शेतमजुरांच्या युनियनने कित्येक दशके चळवळ केली आणि 1976 साली कायदा करविला. मागल्या 104 आठवड्यांपैकी 91 आठवडे शेतावर पूर्णवेळ काम केलेल्या मजुराला नोकरी सुटली तरी घरात राहण्याचे संरक्षण मिळाले. मालकाला नव्या गड्यासाठी घर खरोखरीच हवे असेल तर त्याने स्थानिक गृहनिर्माण अधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा. गरज खरी आहे की नाही हे पाहण्यास सल्लागार समिती. आणि गरज खरी ठरली तर जुन्या मजुराला दुसरे घर देण्याची खटपट त्या अधिकाऱ्यांनी करावयाची. म्हणजे घर नव्या गड्याला मिळते आणि जुना गडीही रस्त्यावर येत नाही. आमच्या त्या सभेत दोघांपैकी एकाला निवडावे असा प्रश्न पडला होता, तो मुळातच चुकीचा मांडलेला होता. तिसरा पक्ष, म्हणजे सरकार किंवा नगरपालिका, हिशेबात नव्हताच. आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याचे झाले, 2012 साली म्हाडाने मोठी सोडत काढली. पण अर्ज लाखाच्या वर आणि घरे काही हजार. शिवाय साचे बंद पडून तोवर तीस वर्षे झाली होती.

त्या काकांचे काय झाले, ते सांगून थांबतो. कंपनी हिशेब देईना, ते खोली सोडीनात. असे चौदा महिने गेले. दंडाचे भाडे दर महिन्याला चढत होते. शेवटी आमच्या कार्यालयात एकाच टेबलावर एका बाजूने धनादेश आणि दुसऱ्या बाजूने किल्ली ठेवून व्यवहार झाला. दंडाच्या भाड्यातले अर्धे आम्ही माफ करवून घेतले, अर्धे कापले गेले. खोली त्या तरुण ऑपरेटरलाच मिळाली. काकू जाताना तुळशीची कुंडी त्याच्या बायकोकडे देऊन गेल्या. त्यानंतर कोणत्याही कराराच्या बोलण्यात मी एक कलम मागतो: खोली सोडण्याची मुदत नोकरी संपल्या दिवसापासून न मोजता, कामगाराच्या हातात पूर्ण हिशेब पडेल त्या दिवसापासून मोजावी. चार ठिकाणी ते मिळाले आहे. दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत, आणि एका ठिकाणी व्यवस्थापनाने ते वाचून कागद परत माझ्याकडे सरकवला.